आत्याकडून मोटार

शकूच्या नवऱ्याला मोटार चालवता येत होती, खोटं कशाला बोला. पण त्याची खरी हौस धुण्याची. कोथरूडच्या त्या सोसायटीत लोक पिशव्या घेऊन दूध आणायला निघायचे, तेव्हा हा वैजनाथ बनियनवर, लुंगी खोचून, बादली घेऊन गाडीपुढं उभा. देवावर पळीभर पाणी घालायचा कंटाळा, पण गाडीवर बादल्यांवर बादल्या. धुऊन झाली की पुसायची नाही. ओलीवरच जाडजूड कापडी झूल चढवायची, नाड्या बांधायच्या, आणि चहा प्यायला वर यायचं, जसं काही मोठं राज्य जिंकून आलाय. आत पायाशी रबर, रबरावर सतरंजी, सतरंजीवर गोणपाट. का, तर म्हणे पत्र्याला चरा पडू नये. सीटवर आधीच्या मालकाच्या, कंपनीच्या साहेबाच्या वेळचं प्लॅस्टिक होतं, तेसुद्धा काढायचं नाही. उन्हाळ्यात बसणाऱ्याची पाठ चिकटून बसायची, सोलून काढायला लागायची.

शकू वाघोलीची, शेतकऱ्याच्या घरातली. गाडी आली त्या पहिल्याच वर्षी ती त्याला म्हणाली होती, "अहो, ओल्या बैलावर कुणी झूल घालतं का? कातडं सडतं त्याचं."

"ही मोटार आहे, बैल नाही," वैजनाथ म्हणाला. "तुमच्या वाघोलीला सगळं जग बैलावरूनच मोजतात."

झालं. शकू गप्प बसली. गप्प बसण्यात ती पहिल्यापासून हुशार. लग्न होऊन आली तेव्हा कोथरूडला रात्री कोल्हे ओरडायचे आणि तिची सासू ओरडायची, दोघांनाही तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही. वाघोलीची बोली सासूला चालायची नाही. "हाय, न्हाय" म्हटलं की सासू म्हणायची, "इथं आहे न् नाही म्हणायचं." शकूनं तेही शिकून घेतलं. फक्त राग आला की जीभ सरळ वाघोलीला जायची. पण राग येतो कुठं रोज? नवऱ्याचा आला तरी गिळायचा, हेच शिकवलेलं.

हा वैजनाथ एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होता. नट कुणाला दिले, बोल्ट कुणाला दिले, एवढंच काम. पण बोलणं असं, की कारखान्याची किल्ली ह्याच्याच कमरेला. मग तो काळ आला, देशाची दारं उघडली म्हणे बाहेरच्यांसाठी. उघडली ती आधी ह्याला बाहेर काढायला. स्टोअरमध्ये कॉम्प्युटर आला, आणि कंपनीनं जुन्या लोकांना हार घातले, पाकीट दिलं, म्हटलं, आता घरी आराम करा. त्याच वेळी कंपनी साहेबलोकांच्या जुन्या गाड्याही काढून टाकत होती, त्यातली एक ह्यानं घेतली. दोन्ही जुन्या वस्तू एकदमच घरी आल्या, गाडी आणि वैजनाथ.

गाडी निदान गप्प उभी राहायची. हा दिवसभर घरात. डाळीला फोडणी कधी घालायची, केरसुणी कशी धरायची, सगळं शकूला शिकवायला लागला. शकूनं तेव्हा डबे सुरू केले होते. आसपास कॉम्प्युटरवाली पोरं खोल्या घेऊन राहायला आली होती, लातूरची, नांदेडची, नागपूरची. पगार मोठे आणि घरात चहाचं भांडं नाही. त्यांच्या पोळ्या लाटताना शकूची मान मोडून जायची. आणि हा मागं खुर्ची टाकून बसून सांगणार, "पोळी जरा जाड होतेय." खाणारं पोर कधी तसं म्हणालं नाही.

एका दिवाळीत शकू गाडी आतून झाडायला गेली. वैजनाथ नाही म्हणत होता, पण तो केस कापायला गेला होता. तिनं गोणपाट उचललं, सतरंजी उचलली, ती सतरंजी भिजून कुजली होती आणि तिला आळंब्यासारखा वास. मग रबर उचललं, तर खाली पत्राच नाही. पत्र्याच्या जागी लाल भुगा, आणि भुग्यात हे एवढालं भोक. त्या भोकातून खाली फरशीवर झोपलेली मांजर दिसली. मांजरीनं डोळे उघडून वर बघितलं, शकूनं खाली बघितलं, दोघींना काय समजायचं ते समजलं.

तो आल्यावर शकू म्हणाली, "अहो, गाडीला तळ राहिला नाही."

"थोडा गंज आहे. वयाप्रमाणं येतो," तो म्हणाला. जसं काही गुडघेदुखी आहे.

सोसायटीत तेव्हा नवीन गाड्या यायला लागल्या होत्या आणि जागा कमी पडायला लागली होती. सेक्रेटरी नीरजाताई, शाळेतून रिटायर झालेल्या, तोंडानं गोड आणि खडूनं तिखट. त्यांनी जिन्यापाशी फळ्यावर लिहिलं, 'पार्किंग वाहनांसाठी आहे, आठवणींसाठी नाही.' नाव कुणाचं नाही, पण येणारा जाणारा फळा वाचायचा आणि झुलीकडं बघायचा. बंगळूरहून मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, भंगारात द्या." वैजनाथनं आठवडाभर मुलाचा फोन घेतला नाही.

त्याच सुमारास शकूचा धाकटा भाऊ संपत लग्नाची पत्रिका घेऊन आला. वाघोलीला कॉलेजं आली, इमारती आल्या, आणि संपतच्या ज्वारीच्या रानातून रस्ता गेला. कालपर्यंत सायकलवर दूध घालणारा संपत, आता गळ्यात साखळी, खिशात दोन मोबाईल. एक वाजायचा आणि एक नुसताच बाळगायचा. पण बहिणीच्या दारात आला की चपला अजून बाहेर काढायचा आणि आधी तिच्या पाया पडायचा. त्याची मुलगी राधा, तिचं लग्न. मुलगा कॉम्प्युटर कंपनीत. ही राधा म्हणजे शकूचा जीव. पोरगी लहानपणी उन्हाळाभर कोथरूडला आत्याच्या कुशीत झोपायची.

जेवताना संपत सांगत होता, मांडव केवढा, आचारी कुठला, आणि आहेर पुकारायला खडकीचा माणूस आणलाय, त्याचा आवाज पार रस्त्यापल्याड जातो. त्यांच्याकडं पद्धत आहे, कुणी काय आहेर केला ते लाऊडस्पीकरवर पुकारतात. अमक्या पाहुण्यांकडून हंडा. तमक्या पाहुण्यांकडून पंखा. सगळा मांडव जेवता जेवता ऐकतो, आणि ज्याचं नाव येतं तो मान खाली घालून लाजल्यासारखं करतो.

वैजनाथचा हात ताटात थांबला. चेहऱ्यावर असा उजेड, की शकूला भीतीच वाटली.

"संपतराव," तो म्हणाला, "राधाला आम्ही मोटार देणार."

संपतच्या तोंडातला घास तसाच. "दाजी, मोटार?"

"मोटार. आणि पुकारायचं कसं, ते मी लिहून देतो. आत्याकडून मोटार! कोथरूडचे वैजनाथराव आणि शकुंतलाबाई यांच्याकडून मोटार!"

"आक्का!" संपतच्या डोळ्यांत पाणी आलं. "आक्का, तू कधी बोलली न्हाईस!"

शकू काय बोलणार? तिला आत्ताच कळलं होतं. ती म्हणाली, "ती खालची?" वैजनाथनं तिच्याकडं असं बघितलं, की तिनं भात वाढायला घेतला.

संपत गेल्यावर मात्र ती बोलली. "अहो, तिच्या तळाला भोकं आहेत. पोरगी वरातीत त्यात बसणार."

"मी दुरुस्त करणार."

"गॅरेजला द्या मग."

"गॅरेजवाले चोर. आणि त्यात आहे काय एवढं? घरी होतं सगळं." मग त्यानं आवाज खाली आणला, जसं काही मोठं शहाणपण सांगतोय. "आणि तुझ्या माहेरचे काय वाकून तळ बघणार आहेत? त्यांना वरून चकाकलं की पुरे. सोसायटीचीही कटकट गेली, आपलंही नाव झालं."

हे शकूला लागलं. आयुष्यभर तो तिला बोलला, तिच्या पोळीला बोलला, बोलीला बोलला, ते तिनं पदराला पुसून टाकलं. पण तिच्याच माहेराला तिच्याच नावानं कुजका पत्रा द्यायचा, तोही राधाच्या पायाखाली? उद्या काही झालं तर मांडवात कोण तोंड दाखवणार? वैजनाथ काय, तो वाघोलीला वर्षातून एकदा जातो. माहेर तिचं. ते एकदा तुटलं तर दुसरं कुठून आणायचं?

तरी तिनं म्हटलं, बघू, खरंच करतो का काही.

केलं की! काय ते करणं! पहिल्या दिवशी तिची पोळीची उलथनी गेली. शोधून शोधून दमली, डबे उशिरा गेले, खाली जाऊन बघते तर वैजनाथ उलथनीनं गाडीच्या दाराला लांबी फासतोय. लांबी म्हणजे तो लगदा, गाडीच्या खड्ड्यात भरतात तो. वाळला की दगड. गंज आधी खरवडून काढायचा, सडलेला पत्रा कापायचा, नवीन पत्रा जोडायचा, मग वरून हात फिरवण्यापुरती लांबी, असं डब्यावरच छापलं होतं, चित्रं काढून. चित्रं शकूलाही कळली. ह्यानं चित्रं बघितलीच नाहीत. भोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि वरून लांबी थापली, जसं पोरं गणपतीच्या आदल्या दिवशी पडक्या मखराला कागद चिकटवतात.

"अहो, आत गंज तसाच आहे ना?"

"आत कोण बघतं?"

"गंज बघतो," शकू म्हणाली. तिची उलथनी त्याच्या हातातून घेतली. ती दगड झाली होती. लगदा कालवलेली वरणाची वाटीही दगड.

तळाला तर कमालच. गोडेतेलाचा रिकामा डबा कात्रीनं उभा चिरला आणि तो पातळ पत्रा भोकांवर टाकला. कडेनं लांबी, वरून डांबर, डांबरावर परत तीच कुजकी सतरंजी, उन्हात वाळवून. गाडीखाली वाकून बघितलं असतं तर भुईमुगाच्या शेंगेचं चित्र दिसलं असतं, आणि खाली 'शुद्ध' लिहिलेलं.

रंगाची वेळ आली. रंग फवारायचं यंत्र भाड्यानं मिळतं, पण ते कशाला? घरात डासांच्या औषधाचा जुना पंप होता. वैजनाथनं त्यात आकाशी रंग भरला आणि फुसफुस फुसफुस करत गाडीभोवती फिरला. वारं सुटलं होतं. गाडीला निम्मा लागला, निम्मा नीरजाताईंच्या दोरीवरच्या पांढऱ्या चादरींना.

नीरजाताई चादर हातात धरून खाली आल्या. "वैजनाथराव," अगदी शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडं डास होते हो, पण आकाशी नव्हते."

"आहेराची गाडी आहे," वैजनाथ म्हणाला. "राधाच्या लग्नात देतोय."

नीरजाताईंनी गाडीकडं बघितलं, मग शकूकडं. "काय भांडण झालंय का त्या पोरीशी?" एवढंच विचारलं आणि वर गेल्या.

शकू हसली नाही. हसायला आलं होतं, पण त्याआधी लाज आली. सोसायटीत वैजनाथ जो भेटेल त्याला थांबवून सांगायचा, लांबी कशी भरली, किती भरली. शकू मनात म्हणायची, गाडीची लांबी होती तेवढीच आहे, ह्यांच्या जिभेची वाढली.

पण खरं सांगायचं तर लांबून गाडी दिसत होती छान. आकाशी, गुळगुळीत, झुलीशिवाय उभी. येणारे जाणारे थांबून "वा" म्हणायला लागले. हीच खरी पंचाईत. वाईट दिसली असती तर कुणी बसलंच नसतं.

मग एक दिवस संपत आणि राधा बस्त्याला शहरात आले, आणि जाता जाता गाडी बघायला कोथरूडला उतरले. राधाच्या हातात साड्यांच्या पिशव्या. गाडी बघून पोरगी लहान मुलीसारखी पळतच गेली. "आत्या, ही? ही माझी?" आणि तिनं मागचं दार उघडलं. एक पाय उचलला.

"राधा, बसू नगंस!"

शकूचा आवाज असा निघाला, की वर दोन खिडक्या उघडल्या. तिच्या तोंडून कितीतरी वर्षांनी वाघोली बाहेर आली होती, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही. "बसू नगंस म्हणते ना! खाली काय न्हाय. तेलाचा डबा हाय."

"काहीतरीच!" वैजनाथ हसला. "तुझी आत्या घाबरट आहे."

"घाबरट हाय म्हणून तर एवढी वर्सं निभली," शकू म्हणाली. "संपत, ऐक. ह्या गाडीला तळ न्हाय. दारात वर्तमानपत्र कोंबलंय. मी बघितलंय. मी ही पोरीला देणार न्हाय. माझं नाव घ्यायचं न्हाय ह्या गाडीवर."

आता तुम्हाला वाटेल, भाऊ म्हणाला असेल, आक्का, बरं झालं सांगितलंस. छे! संपतनं तिला कोपऱ्यात नेलं. "आक्का," तो कुजबुजला, "मी सोयऱ्यांना सांगून बसलोय. पोरीच्या आत्याची पुण्यातनं मोटार येतीय म्हणून. आता माघारी कसं घेऊ? अगं, चालवायची कुणाला? मांडवापुढं हुबी राहिली, पुकारलं, की झालं. सोयरं काय खाली वाकून बघणार हायत?"

एक शहरातला, एक वाघोलीचा, एकाला पत्रा कळत नाही, दुसऱ्याला बैल सोडून काही कळत नाही, पण बोलणं अगदी तेच, शब्दाला शब्द. ह्याच भावासाठी तिचा जीव जळत होता. तिला वाटलं, ह्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी, पण पोरीचं लग्न जवळ आलेलं.

"बरं," ती म्हणाली. "तुझं न् दाजींचं एकमत हाय ना? मग आधी तुम्ही दोघं बसा. मागं. शेजारी शेजारी. तुम्ही बसून उतरलात की राधा बसंल."

"त्यात काय!" वैजनाथ म्हणाला. खिडकीत नीरजाताई दिसत होत्या, आणखी चार डोकी दिसत होती. त्यानं ऐटीत दार उघडलं. एका बाजूनं तो बसला, दुसऱ्या बाजूनं संपत. संपत अंगानं भरलेला, प्लॅस्टिक कुरकुरलं. गाडी थोडी खाली गेली आणि थांबली. काही झालं नाही.

वैजनाथच्या चेहऱ्यावर परत तो उजेड. "बघ! लोखंड आहे लोखंड!" असं म्हणत त्यानं पाय आपटला.

गेला ना! सतरंजीसकट, डांबरासकट, भुईमुगाच्या शेंगेसकट पाय सरळ खाली, नडगीपर्यंत. चप्पल फरशीवर पडली. खालची मांजर पळाली. वैजनाथ ओरडला आणि त्याला सोडवायला संपत वाकला, तर त्याचाही पाय त्याच्या बाजूनं गेला. दोघं मागच्या सीटवर, हात प्लॅस्टिकला धरलेले, पाय खाली पार्किंगमध्ये.

वरून नीरजाताई म्हणाल्या, "वैजनाथराव, गाडी चालत नाही एवढीच आमची तक्रार होती. आता दोघं मिळून चालवतच न्या की, फाटकापर्यंत."

सगळी सोसायटी हसली. राधा हसली नाही. ती वाकून खाली बघत होती, तेलाच्या डब्याच्या त्या फाटक्या पत्र्याकडं, जिथं तिचा पाय पडला असता, शालूसकट. मग उठली आणि आत्याला घट्ट धरून उभी राहिली.

संपत आधी बाहेर निघाला, त्याला नुसतं खरचटलं होतं. पँट झटकत तो शकूपुढं आला, तोंड उतरलेलं. "आक्का, मी..."

"काय बोलू नगंस," शकू म्हणाली. "दाजींचा पाय काढ आधी. सरळ वर काढ, वाकडा केलास तर कापंल."

नडगीवर लांब ओरखडा. दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागलं. रिक्षात वैजनाथ म्हणाला, "डब्याचा पत्राच हलका निघाला."

सोयऱ्यांना संपतनं काय सांगितलं ते त्यालाच माहीत. पण त्या दिवशी वाघोलीला निघताना राधा दारात अडून उभी राहिली आणि बापाला म्हणाली, "आप्पा, माझ्याबरोबर पाठराखीण म्हणून शकूआत्या येणार. दुसरं कुणी नको." मुलगी पहिल्यांदा सासरी जाते, तेव्हा तिच्याबरोबर माहेरची एक बाई जाते, पाठीला पाठ लावून राहायला. संपतच्या घरात तो मान त्याच्या मेहुणीनं केव्हाच धरून ठेवला होता. संपतनं मान डोलावली. आता नाही कसं म्हणणार?

भंगारवाला येणार त्या दिवशी सकाळी वैजनाथनं गाडी शेवटची धुतली. लंगडत लंगडत, बादली घेऊन. नीरजाताईंनी त्या दिवशी जिन्यापाशचा फळा पुसून टाकला.

लग्नात आत्याकडून कुकर पुकारला गेला. वैजनाथचं नाव त्यात नव्हतं, कारण पुकारायची चिठ्ठी शकूनं राधाकडून लिहून घेतली होती. तो पंगतीत कान टवकारून बसला होता, आणि जिलबी तशीच पानात राहिली. शकू जीपमध्ये राधाशेजारी बसून तिच्या सासरी गेली आणि चार दिवस राहून परत आली. तोपर्यंत डबेवाल्या पोरांनी बाहेर खाल्लं, आणि वैजनाथनं रोज कपाळाला आठ्या घालून स्वतःचा चहा केला.

ती पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच त्यानं विचारलं, "काय गं, तिकडं माझं नाव काढलं का कुणी?"

"काढलं की," शकू म्हणाली. "राधाच्या सासूबाईंनी मी गेल्या गेल्या विचारलं, तुमच्या यजमानांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं ना?"